पावशेर जोर

आईच्या उजव्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती. सकाळी आंघोळीनंतर तिला पावडर लावताना बायकोच्या ते लक्षात आलं आणि तिनं काही न बोलता मला आत बोलावलं. जिथे पूर्वी पाटल्या असायच्या त्या जागी जांभळे-काळे चार पट्टे, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याचा एक गोल डाग. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला नाही. ठेवला असता तर बरोब्बर बसला असता. आईला ते दुखत नव्हतं. "कुठे आपटले का रे मी?" तिनं मलाच विचारलं, आणि मी म्हणालो, "दाराला लागलं असेल." बायको पावडरचा डबा हातात घेऊन तशीच उभी होती.

आदल्या संध्याकाळी एवढंच झालं होतं, की सात वाजता आई चपला घालून दाराशी गेली आणि कडी काढायला लागली. "मला घरी जायचंय." बाहेर आषाढातला पाऊस, दुसरा मजला, लिफ्ट बंद, जिन्यात पाणी. मी म्हणालो, आई, हेच घर आहे. ती म्हणाली, हे नव्हे. मी दारासमोर उभा राहिलो, तिनं मला बाजूला सारायला हात पुढे केला, मी तो धरला. तिनं ओढला, मी घट्ट धरला. तिनं आणखी ओढला. एकोणऐंशी वर्षांच्या बाईत एवढा जोर कुठून येतो याचं मला त्या क्षणी आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मग ती एकदम सैल पडली, खुर्चीत जाऊन बसली आणि टीव्हीकडे बघत राहिली. मला वाटलं, मिटलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, या वयात कातडी कागदासारखी होते, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, एवढ्याशानंही होतं. माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाले ते. पण 'एवढ्याशानं' हा शब्दच मला दिवसभर टोचत राहिला.

टोचण्याला आणखी एक कारण होतं. गेलं दीड वर्ष मी आठवड्यातून तीन दिवस पहाटे पुण्यातल्या कमला नेहरू पार्कात ताई ची, म्हणजे ती संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकायला जातो, आणि तिथे मनगट या एकाच जागेवर आमची अर्धी शिकवणी चालते.

गेलो होतो रक्तदाबासाठी. आमचे सर निवृत्त अभियंते; नोकरीची काही वर्षं सिंगापूरला होते, तिथल्या बागांमधून शिकून आले. आठ-दहा जण असतो. ओल्या गवतावर, पिंपळाखाली, मुलांच्या झोपाळ्यांपासून जरा लांब. पहिले सहा महिने सरांनी चोवीस हालचालींचा तो प्रसिद्ध संच शिकवला. चीनच्या क्रीडा आयोगानं १९५६ साली यांग घराण्याच्या लांबलचक प्रकारातून निवडून बसवलेला, सर्वसामान्य माणसाला पाच-सहा मिनिटांत करता यावा असा. रानघोड्याची आयाळ विंचरणं, पांढऱ्या क्रौंचाचं पंख पसरणं, ढगांचे हात. हे सगळं मला आवडायचं, कारण त्यात समोर कुणी नसायचं. हवेत हात फिरवताना माणूस शांतच असतो. मग एके दिवशी सरांनी आम्हाला जोडीजोडीनं उभं केलं. उजवा पाय पुढे, आणि दोघांची मनगटं बाहेरच्या बाजूनं एकमेकांना टेकवलेली. पकडायचं नाही. फक्त टेकवायचं आणि गोल फिरवत राहायचं. एकानं हलकेच दाबायचं, दुसऱ्यानं तो दाब कमरेतून वळवून बाजूला जाऊ द्यायचा, आणि तोच फेरा पुढे त्याच्याकडून सुरू. चिनीत याला थुइशौ म्हणतात, हातानं ढकलणं. बघताना दोन माणसं जात्यावर दळायला बसल्यासारखी दिसतात.

मला ते अजिबात जमेना. सरांच्या मनगटावर माझं मनगट टेकलं की माझा खांदा आपोआप वर जायचा. त्यांचा हात इतका हलका असायचा की दाबायला काही सापडायचंच नाही, आणि मी दाबलं की पुढच्या क्षणी माझाच तोल जायचा. एकदा त्यांनी थांबवून सांगितलं, की यात चार दोष मोजलेले आहेत. दिंग, म्हणजे दाब आला की तिथेच टक्कर द्यायची. बियेन, म्हणजे लाटलेल्या पोळीसारखं चपटं व्हायचं, हात छातीशी चेपू द्यायचा. दियू, म्हणजे हातच काढून घ्यायचा, स्पर्श तुटू द्यायचा. खांग, म्हणजे आतून अडून बसायचं. "तुमच्याकडे पहिला आणि तिसरा आहे," ते म्हणाले. "आधी टक्कर देता, नाही जमलं की एकदम सोडून देता. मधलं तुमच्याकडे काही नाही."

बागेतून घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो. कारण मी स्वतःला आयुष्यभर समजूतदार माणूस समजत आलो होतो. नागपूरहून ताईचा फोन येतो. आईची चौकशी होते, आणि मग तिचं सुरू होतं, तू तिला बाहेर नेत नाहीस, कोंडून ठेवतोस, म्हणून ती असं करते. मी भांडत नाही. "बरं, ठेवतो गं, कुकर झाला," म्हणतो आणि फोन ठेवतो. त्यालाच मी पड खाणं म्हणायचो, घरातला मोठेपणा म्हणायचो. सरांच्या हिशोबात तो दियू होता. हात काढून घेतला की समोरच्याला कळत नाही तुम्ही कुठे आहात, मग तो पुढच्या वेळी दुप्पट जोरानं येतो, चाचपडत. ताईचे फोन दर वेळी आणखी कडू का होत गेले, ते मला बावन्नाव्या वर्षी एका बागेत कळलं.

बाहेरच्या जगात मात्र या शिकण्याचा उपयोग लवकर झाला, तो सांगायलाच हवा. नळ स्टॉपला संध्याकाळी साडेसहाला मेट्रोच्या खांबांमधून वाट काढताना पूर्वी माझे खांदे कानाला लागलेले असायचे आणि मला त्याचा पत्ताही नसायचा. यांग घराण्यातले ताई चीचे गुरू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांनी सांगितलेल्या दहा मुद्द्यांत एक मुद्दा आहे, खांदे उतरवा, कोपरं खाली सोडा. किती साधं वाटतं. पण खांदा उतरला की श्वास छातीतून पोटात जातो, आणि श्वास पोटात गेला की तोंडातला शब्द एक क्षण उशिरा बाहेर पडतो. त्या एका क्षणात पुष्कळ काही वाचतं. मध्यंतरी सोसायटीच्या बैठकीत टँकरच्या पैशांवरून तळमजल्याच्या काकांनी सगळ्यांसमोर माझ्यावर आवाज चढवला. मी मान खाली घातली नाही आणि उलटही बोललो नाही. पायाचे तळवे फरशीला टेकलेत का, एवढं बघितलं आणि विचारलं, "काका, तुमच्या नळाला किती वाजेपर्यंत पाणी असतं?" ते जरा थांबले. मग कळलं, की त्यांच्या बाथरूमला पाणी चढतच नाही, महिन्यापासून ते बादल्या वाहतायत आणि सांगायला त्यांना लाज वाटत होती. तो राग टँकरचा नव्हताच.

ताई चीत याला एक शब्द आहे, थिंग जिन. समोरच्याच्या जोराला कातडीनं ऐकणं. दाब किती आहे, कुठून आलाय, पायातून, कमरेतून की नुसता खांद्यातून, हे टेकलेल्या मनगटावर ऐकू यावं लागतं. आणि घट्ट धरलं की ते ऐकू येणं बंद होतं. आपल्याच मुठीचा आवाज इतका मोठा असतो.

हे मला बागेतच कळलं असं नाही. लहानपणी कानावरून गेलं होतं. आईचे वडील, अण्णा, शनिवार पेठेत असताना तालमीत जायचे. मी पाहिले ते उतारवयातले, गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीतले, धोतर खोचून अंगणात मला समोर उभं करणारे. कान चुरगळलेले, अंगाला कायम तेलाचा वास. डाव शिकवायचे नाहीत, फक्त खडाखडी करायला लावायचे. हात पुढे, मनगटाला मनगट, मानेवर पंजा, पुढे-मागे. मी जीव खाऊन ढकलायचो आणि ते हसत म्हणायचे, "ताठ झालास की समोरच्याच्या हातात काठी दिलीस बघ." कुस्ती बघणाऱ्यांना खडाखडी कंटाळवाणी वाटते, कधी डाव पडतोय याची वाट बघतात. पण पैलवान त्यातच समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते काढून घेतो. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन गावात सतराव्या शतकात ताई ची सुरू झालं म्हणतात, आणि इकडे मुठेच्या काठच्या एका हौदात, लाल मातीत, तीच ओळख माझ्या आजोबांच्या हाताला होती. मला ती त्यांच्याकडून घेता आली असती. तेरा वर्षांचा होतो तेव्हा ते गेले.

त्यांच्या एका म्हणण्यात मात्र सर आणि अण्णा अगदी शेजारी येऊन बसतात. ताई चीतलं जुनं वचन आहे, चार लियांगनं हजार जिन वळवावेत. जुन्या चिनी मापात सोळा लियांगांचा एक जिन. आपल्याकडे सोळा छटाकांचा शेर. म्हणजे चार लियांग हा त्यांचा पावशेरच झाला. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला अण्णांचा आवाज ऐकू आला: "पावशेर जोर लाव रे, पावशेर! मण कशाला काढतोस?"

आईच्या मनगटावर मी मण काढला होता.

डाग चौथ्या दिवशी कडेनं हिरवट झाले. त्या चार दिवसांत मी रोज संध्याकाळी कामावरून लवकर आलो आणि काही न करता आईकडे बघत बसलो. विसरण्याच्या आजारात संध्याकाळी माणूस अस्वस्थ होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी ते उत्तर म्हणून घेऊन टाकलं होतं. पण हिवाळ्यात ती संध्याकाळी दाराशी जात नव्हती. उन्हाळ्यातही फारशी नाही. हे जुलैपासूनचं होतं. आणि सात वाजता नव्हतं, सातच्या बातम्यांना होतं. निवेदिका सांगत होती, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, इतके हजार क्युसेक, भिडे पूल पाण्याखाली, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं. आईचे पाय चपला शोधायला लागले.

ती एकसष्ट साली पंधरा वर्षांची होती. बारा जुलैचं, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवसाचं, तिनं आम्हाला कधी फारसं सांगितलं नाही. आमच्या लहानपणी पुण्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगायचं, कुठल्या खांबापर्यंत पाणी होतं, कुठल्या गच्चीवर किती जण होते. आई उठून स्वयंपाकघरात जायची. शनिवारातलं त्यांचं घर ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीजवळ. पाणी ओसरल्यावर तिथे चिखल होता, एवढंच मला माहीत. म्हणजे 'घरी जायचंय' म्हणते तेव्हा ती कुठे निघालेली असते? मी बावन्न वर्षांचा मुलगा, दारात उभा राहून तिला सांगत होतो, हेच घर आहे.

पाचव्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवता आला असता. मी ठेवला नाही, याबद्दल अजून मन थोडं द्विधा आहे. बातम्या लागल्या, ती उठली, चपला घातल्या, कडीला हात घातला. मी दारासमोर गेलो नाही. तिच्या बाजूला उभा राहिलो आणि माझं मनगट तिच्या डाव्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला टेकवलं, डाग नसलेल्या. तिनं ढकललं. मी जाऊ दिलं, पण हात सोडला नाही. ती कडी काढत होती तेव्हा तिच्या हाताची थरथर माझ्या मनगटावर येत होती. दाब पुढे, दाराकडे नव्हता हे मला पहिल्यांदा जाणवलं. खाली होता. ती काहीतरी उचलायला बघत असावी असा. "काय न्यायचंय आई?" मी विचारलं. 'कुठे जायचंय' असं शंभरदा विचारलं असेन, हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

"पातेलं," ती म्हणाली. "पातेलं द्यायचं राहिलंय."

आणि मला ते पातेलं आठवलं. गोखलेनगरला आजी त्यात दूध तापवायची. पितळी, जाड बुडाचं, आतून कल्हई केलेलं, आणि काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, एका परक्या बाईचं नाव. लहानपणी मी ते बोट फिरवून वाचायचो. हे कुणाचं गं आजी, म्हटलं की ती म्हणायची, पाण्याच्या वेळी एकीनं भात दिला होता त्यात, मग कोण कुठे गेलं कळलंच नाही. एवढंच. आजी गेल्यावर भांडी मोडीत गेली, त्यात तेही गेलं असणार. आईनंच ती मोडीत घातली होती. तेव्हा ती पंचेचाळीस-शेहेचाळीसची असेल, शाळेची नोकरी, आम्ही दोघं, सासरचे चार जण. त्या पातेल्याचा विचार तिनं तेव्हा केला असेल का, की तो चौसष्ट वर्षं आत कुठेतरी बसून राहिला आणि बाकीचं सगळं विसरायला लागल्यावर वर आला, मला ठाऊक नाही.

मी स्वयंपाकघरातून स्टीलचं पातेलं आणलं. तिनं ते हातात घेतलं, आत बघितलं आणि माझ्यावर चिडली. "रिकामं कसं द्यायचं? काही रीत?" बायकोनं पटकन ओंजळभर साखर घातली. आई बघत होती, तिनं मान हलवली, आणि आम्ही जिना उतरायला लागलो. एका हातानं तिनं पातेलं पोटाशी धरलेलं, दुसरं मनगट माझ्या मनगटावर. धरलेलं नाही, टेकलेलं. जिन्यात पाणी होतं. प्रत्येक पायरीवर तिचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना मला कळत होतं. ती डावीकडे झुकली की माझी कंबर आपोआप तिकडे वळत होती. हवेत ढगांचे हात फिरवताना सर ओरडतात, वजन नीट बदला, एक पाय भरलेला, एक रिकामा, दोन्ही पायांवर अडकू नका. त्या दिवशी ते माझं मलाच नीट समजत होतं, चौतीस पायऱ्या.

खाली तळमजल्याच्या काकू दारात छत्री वाळत घालत होत्या. टँकरवाल्या काकांच्या. आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि पातेलं पुढे केलं. "तुमचं पातेलं. फार दिवस राहिलं हो." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही, मला सुचलंच नाही. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी पातेलं घेतलं. "अगंबाई, साखर कशाला घातलीत? बरं झालं आणलंत." आई म्हणाली, "पाण्यामुळे राहिलं." काकू म्हणाल्या, "पाण्यामुळे सगळ्यांचंच राहतं." मग आई वळली आणि निमूटपणे जिना चढायला लागली, वर आल्यावर वरणभात जेवली, आणि नऊ वाजता झोपली.

मी बराच वेळ जागा होतो. ज्या बाईनं तो भात दिला तिला काही मिळालं नाही. आईला मी खोटं बोलू दिलं, किंवा मीच खोटं बोललो, तेही न बोलता. सरांना पुढच्या वर्गानंतर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाठोपाठ जाणं म्हणजे मान्य करणं नव्हे, फक्त स्पर्श तुटू दिला नाहीत. मला ते पटतं आणि पूर्ण पटत नाही. मनगटाच्या डागाबद्दलही मी अजून तिला दारच सांगितलेलं आहे. ताईला मात्र रात्रीच फोन केला, स्वतःहून, आणि चार बोटांचं खरं सांगितलं. ती बोलली, बरंच बोलली. मी फोन ठेवला नाही. शेवटी ती रडायला लागली आणि म्हणाली, तिला गाडीत घालून इकडे घेऊन ये रे चार दिवस, मलाही बसू दे तिच्याजवळ. इतकी वर्षं हेच म्हणायचं होतं का तिला?

सगळं सुधारलं असं नाही. मधल्या शनिवारी आईनं गॅस चालू ठेवला आणि मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं दार उघडलं. दिंग. ते इतक्या लवकर जायचं नाही.

काल काकूंनी पातेलं परत पाठवलं. त्यांच्याकडेही रीत आहे, रिकामं कसं देणार? साबुदाण्याची खिचडी होती त्यात, वर ओलं खोबरं. खिचडी आम्ही काढून घेतली, पातेलं विसळून ओट्यावर पालथं घातलं. संध्याकाळी आईनं ते उचललं, सरळ केलं आणि काठावरून बोट फिरवायला लागली, सावकाश, पूर्ण गोल. तिच्या मनगटावरचे पट्टे आता पिवळे झालेत, उजेडात धरले तरच दिसतात. बोट फिरून परत पहिल्या जागी आलं. तिनं पुन्हा एकदा फिरवलं. "नाव कुठंय?" तिनं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पातेलं काखेत घेऊन चपला शोधायला गेली. मी साखरेचा डबा काढला.